अभियंत्यांच्या स्थानिक व्यावसायिक संस्थेचे सभासदत्व: सहा वर्षांच्या अनुभवावरून केलेले परीक्षण

सभासदत्वाचा अर्ज भरल्यानंतर पहिली दोन वर्षे मी आमच्या अभियांत्रिकी संस्थेच्या स्थानिक शाखेकडून फक्त निमंत्रणे घेतली. महिन्यातून एकदा ईमेल येई, त्यात व्याख्यानाचा विषय, वक्त्याचा परिचय आणि सभागृहाचा पत्ता असे. जमले तर मी जाई, मागच्या रांगेत बसे, टिपणे काढी आणि परत येई. वर्गणीच्या नूतनीकरणाची दुसरी सूचना आली तेव्हा हे सभासदत्व पुढे चालू ठेवावे का, असा प्रश्न मला पडला, कारण मी तिथे जे ऐकत होते त्यातले बरेचसे घरबसल्या पाहता-ऐकता येण्यासारखे होते. त्याच सुमारास शाखेच्या सचिवांनी पुढच्या व्याख्यानाच्या आयोजनात मदत कराल का, अशी विचारणा केली आणि मी होकार दिला. त्याला आता चार वर्षे झाली. या काळात मी सभागृहाच्या नोंदणीपासून वार्षिक अहवालाच्या मसुद्यापर्यंत बहुतेक कामे केली आहेत. श्रोता म्हणून ही सेवा बेताची आहे आणि कार्यकर्ता म्हणून ती फार मोलाची आहे, असे माझे मत झाले आहे. संस्थेचा सर्वांत मोठा दोष असा, की ही गोष्ट ती नव्या सभासदाला सांगतच नाही.

अशा संस्था बाहेरून जितक्या औपचारिक दिसतात तितक्या त्या मुळात नव्हत्या. १८१८ च्या जानेवारीत लंडनमधल्या एका कॉफीगृहात काही तरुण अभियंते एकत्र आले आणि त्यांनी इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सची स्थापना केली. आपल्या व्यवसायाला लागणारे ज्ञान एकमेकांकडून मिळवावे, एवढाच त्यांचा हेतू होता. दोन वर्षांनी थॉमस टेलफर्ड यांच्यासारखा नामांकित अभियंता अध्यक्ष म्हणून लाभला आणि १८२८ मध्ये संस्थेला राजसनद मिळाली. सनद, नियमावली, पदके आणि पदव्या हे सगळे नंतर आले. आधी होते ते चार समव्यावसायिकांनी एकत्र बसून केलेले बोलणे. आजही एखादी स्थानिक शाखा जिवंत आहे की नुसती चालू आहे हे ओळखायचे असेल, तर तिथे हे बोलणे होते का, एवढे पाहिले तरी पुरते. मध्यवर्ती कार्यालयाकडून येणारी नियतकालिके, परिषदेच्या शुल्कातली सवलत, ग्रंथालयाचा प्रवेश या गोष्टी कुठल्याही शाखेच्या सभासदाला सारख्याच मिळतात. शाखेचे वेगळेपण तिच्या सभागृहात असते, आणि ते सभागृह चालवणारी माणसे कोणताही मोबदला न घेता, आपली नोकरी सांभाळून हे काम करत असतात.

व्याख्यानांपासून सुरुवात करते, कारण बहुतेक शाखांचा तोच मुख्य उपक्रम असतो. गेल्या वर्षी विद्युत ट्रान्सफॉर्मरच्या देखभालीवर एक व्याख्यान झाले. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विरघळलेल्या वायूंचे विश्लेषण करून आतला बिघाड कसा ओळखावा, हा विषय होता. तेल आणि कागदी आवरण तापले किंवा त्यांत ठिणग्या पडल्या की हायड्रोजन, मिथेन, इथेन, इथिलीन, असिटिलीन आणि कार्बनचे ऑक्साइड वेगवेगळ्या प्रमाणात तयार होतात. असिटिलीन अतिशय उच्च तापमानाला तयार होत असल्यामुळे ते दिसले की आत आर्किंग, म्हणजे विजेच्या ठिणग्या पडणे, चालू असावे, असा पहिला संशय येतो. वक्त्यांनी एका ट्रान्सफॉर्मरचे आकडे पडद्यावर दाखवले आणि मुख्य टाकीत आर्किंग चालू असल्याचा निष्कर्ष मांडला. मांडणी स्वच्छ होती, आलेख नीटनेटके होते, आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केले होते.

प्रश्नोत्तरांच्या वेळी तिसऱ्या रांगेतून एक निवृत्त अभियंते उठले. त्यांनी वक्त्यांना पुन्हा तो तक्ता दाखवण्याची विनंती केली आणि विचारले, “या ट्रान्सफॉर्मरला ऑन-लोड टॅप चेंजर आहे का, आणि असेल तर त्याचा कॉन्झर्व्हेटर मुख्य टाकीच्या कॉन्झर्व्हेटरशी जोडलेला आहे का?” सभागृहातले निम्मे लोक गोंधळले, उरलेले निम्मे सरसावून बसले. टॅप चेंजर म्हणजे वीजपुरवठा चालू असतानाच व्होल्टेज कमीजास्त करणारे उपकरण, आणि कॉन्झर्व्हेटर म्हणजे तेल प्रसरण पावले की सामावून घेणारी वरची लहान टाकी. टॅप चेंजरमध्ये प्रवाह एका जोडणीवरून दुसरीवर नेणाऱ्या, तेलात चालणाऱ्या डायव्हर्टर स्विचमध्ये प्रत्येक बदलाच्या वेळी ठिणगी पडतेच. ते त्याचे रोजचे काम आहे, म्हणून त्याचे तेल वेगळ्या कप्प्यात ठेवतात. त्या कप्प्याचे सील गळू लागले किंवा दोन्ही कॉन्झर्व्हेटर एकमेकांशी जोडलेले असले, तर तिकडचे असिटिलीन इकडे येते आणि निरोगी ट्रान्सफॉर्मर आजारी दिसू लागतो. अशा वेळी मुख्य टाकीतले असिटिलीन आणि हायड्रोजन यांचे गुणोत्तर पाहायचे असते. ते दोन-तीनच्या वर गेले तर गळतीचा संशय घ्यायला जागा असते. तक्त्यावर असिटिलीन हायड्रोजनच्या कितीतरी पट होते. वक्त्यांनी क्षणभर आकड्यांकडे पाहिले आणि म्हणाले, “ही शक्यता मी तपासलेली नाही, ती तपासायला हवी.”

त्यानंतरची वीस मिनिटे माझ्या सहा वर्षांतली सर्वांत मोलाची आहेत, असे मी विचारपूर्वक लिहिते. एका माणसाने तेलाचा नमुना कोणत्या झडपेतून घेतला हे विचारले, दुसऱ्याने मागील तीन वर्षांच्या नोंदींची तुलना करण्याचा मार्ग सुचवला, आणि ट्रान्सफॉर्मर उघडण्यापूर्वी टॅप चेंजरच्या कप्प्यातील तेलाची पातळी बदलते का ते पाहावे, असे तिसऱ्याने सांगितले. पुस्तकात हे सगळे असते, पण ते वेगवेगळ्या प्रकरणांत असते. कोणता प्रश्न कोणत्या वेळी विचारायचा याची जाण मात्र अशा सभागृहातच अंगात मुरते. इतक्या जाणत्या लोकांसमोर आपला निष्कर्ष अपुरा होता हे वक्त्यांनी सहज मान्य केले, ही तर माझ्यासाठी स्वतंत्र शिकवण होती. चित्रफीत पाहणाऱ्याला यातले काहीच मिळाले नसते, कारण आमच्या शाखेच्या चित्रफिती व्याख्यान संपते तिथेच थांबतात. प्रश्नोत्तरेही ध्वनिमुद्रित करावीत, अशी मागणी मी कार्यकारिणीपुढे दोनदा मांडली आहे. लोक मोकळेपणाने बोलणार नाहीत, अशी अडचण सांगितली जाते आणि ती अगदीच निराधार नाही. पण निदान चर्चेचे लेखी इतिवृत्त ठेवायला काय हरकत आहे, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

सगळी व्याख्याने अशी नसतात हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. वर्षातली दोन-तीन तरी व्याख्याने प्रायोजकांच्या वाट्याला जातात. सभागृहाचे भाडे आणि ध्वनियंत्रणेचा खर्च वर्गणीतून भागत नाही, त्यामुळे प्रायोजकांची गरज मी समजू शकते. परंतु एका कार्यक्रमात पाऊण तास एका उत्पादकाच्या मालाची यादी वाचून दाखवली गेली, विषयपत्रिकेवर छापलेल्या तांत्रिक प्रश्नाला एकदाही हात घातला गेला नाही, आणि शेवटी प्रश्न विचारणाऱ्याला विक्री प्रतिनिधीकडे बोट दाखवण्यात आले. लांबून प्रवास करून आलेल्या सभासदांचा तो अपमान होता. त्यानंतर आम्ही एक साधा नियम केला, की प्रायोजकाने पाठवलेला वक्ता असला तरी त्याची सादरीकरणाची पाने आठवडाभर आधी दोन स्वयंसेवकांनी वाचायची आणि उत्पादनाचे नाव फक्त पहिल्या व शेवटच्या पानावर येऊ द्यायचे. एका प्रायोजकाने या अटीवर पैसे द्यायला नकार दिला. ते आम्ही स्वीकारले, आणि ज्या कार्यकारिणीने हे स्वीकारले तिच्याबद्दल मला आदर आहे.

स्वयंसेवेचे काम म्हणजे नेमके काय, हे मला सुरुवातीला ठाऊक नव्हते. खुर्च्या मांडणे आणि नावनोंदणीच्या टेबलावर बसणे एवढेच मला दिसत होते, आणि तेही करावेच लागते. पण व्याख्यान ठरवायचे म्हणजे आधी वक्त्याशी बोलून श्रोते कोण आहेत हे त्याला समजावून द्यावे लागते, साठ पानांचे सादरीकरण पंचविसावर आणण्याची विनंती त्याचा मान राखून करावी लागते, आणि त्यासाठी विषय स्वतःला थोडा तरी कळावा लागतो. माझे काम विद्युत संरक्षण प्रणालीचे, म्हणजे बिघाड होताच वीजपुरवठा तोडणाऱ्या यंत्रणेचे आहे. तरीही पहिल्या दोन वर्षांत मी भूतांत्रिक तपासणी, औद्योगिक रोबो आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया या विषयांचे वक्ते आणले आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटांचा परिचय लिहिण्यासाठी आठ-दहा दिवस वाचन केले. नोकरीत माझ्यावर हे वाचन कोणी कधीच लादले नसते. सभेचे कामकाज चालवणे, लांबलेल्या प्रश्नकर्त्याला न दुखावता थांबवणे, झालेल्या चर्चेचा एक पानी अहवाल लिहिणे ही कौशल्ये मी शाखेतच शिकले आणि नंतर कार्यालयातील प्रकल्पबैठकीत वापरली. वरिष्ठांच्या मूल्यमापनाची भीती नसलेल्या जागी ती शिकता आली, याचे श्रेय शाखेलाच आहे.

चुकांची किंमत मात्र तिथेही मोजावी लागते. मी आयोजित केलेल्या पहिल्या स्थळभेटीत अठ्ठावीस सभासद एका जलशुद्धीकरण केंद्रावर येणार होते. केंद्राने पाठवलेल्या अटींमध्ये पूर्ण पाय झाकणारे सुरक्षा बूट बंधनकारक होते. ही अट मी निमंत्रणासोबतच्या जोडपत्रात घातली, मुख्य मजकुरात घातली नाही. तीन सभासद सँडल घालून आले आणि प्रवेशद्वारावरच्या अधिकाऱ्यांनी त्यांना आत सोडले नाही. त्यांचा निर्णय बरोबर होता. ते तिघेही अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. त्यांपैकी एक जण नुकताच पदवीधर झालेला होता आणि अशा केंद्राला भेट देण्याची त्याची ती पहिलीच वेळ असणार होती. त्यांच्याकडे पाठ करून उरलेल्या पंचवीस जणांसोबत आत जाताना मला जे वाटले ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून आमच्या प्रत्येक स्थळभेटीच्या निमंत्रणाची पहिली ओळ पादत्राणांची असते, आणि प्रवेशद्वारावर वेगवेगळ्या मापांचे चार-पाच जोड ठेवण्याची व्यवस्था स्वयंसेवकांकडे असते.

भेट स्वतः फार चांगली झाली. तुरटीच्या मात्रेनंतर गढूळ पाण्यात बारीक गुठळ्या कशा जमतात आणि संथ फिरणाऱ्या पात्यांखाली त्या कशा मोठ्या होत जातात हे आम्ही पाहिले. वाळूच्या गाळणीची उलट धुलाई आमच्यासमोर करण्यात आली. आधी खालून हवा सोडली तेव्हा सगळा पृष्ठभाग उकळल्यासारखा हलू लागला, मग खालून पाणी चढले आणि वर तपकिरी लोट आले. काही मिनिटांत ते फिकट होत होत तळाची वाळू दिसू लागली. धुलाई केव्हा करायची हे कसे ठरवता, असे एकाने विचारल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याने भिंतीवरच्या दाबमापकाकडे बोट केले आणि वाळूच्या थरातून जाताना पाण्याचा दाब किती कमी होतो त्यावरून, असे सांगितले. आमच्यात पंपांचे आरेखन करणारे दोघे होते. त्यांनी त्या मापकासमोरच उभे राहून पुढचा अर्धा तास त्या कर्मचाऱ्याशी बोलण्यात घालवला आणि बाकीची भेट सोडून दिली. मला त्यांचा हेवा वाटला, कारण मी हजेरीपटावरची नावे आणि डोक्यावरची हेल्मेटे मोजत होते.

शाळांसाठी घेतल्या जाणाऱ्या कार्यशाळांबद्दल मला सुरुवातीला शंका होती. अभियंत्यांनी आपल्या कामाचे मुलांसमोर कौतुक करून यावे, असा त्याचा साचा असेल, असे वाटत होते. प्रत्यक्षात आमच्या शाखेने त्यासाठी एकच प्रयोग निवडला आहे आणि तो वर्षानुवर्षे सुधारत नेला आहे. वर्तमानपत्राच्या घट्ट गुंडाळ्या आणि चिकटपट्टी एवढ्याच साहित्यातून दोन टेबलांमधल्या अंतरावर पूल बांधायचा आणि त्यावर एकेक पुस्तक ठेवत जायचे. पहिल्या प्रयत्नात जवळजवळ सगळे गट चौकोन बांधतात, चौकोन बाजूला कलतो, मग कोणीतरी तिरपी गुंडाळी लावून पाहते आणि पूल ताठ होतो. स्वयंसेवकांना एक कडक सूचना असते, की तिरपी गुंडाळी आपण सुचवायची नाही. ही सूचना पाळणे अभियंत्यांना किती जड जाते हे पाहण्यासारखे असते.

एका कार्यशाळेत सातवीतल्या एका मुलीच्या गटाचा पूल नवव्या पुस्तकाला कोसळला. बाकीचे लगेच नव्या, जाड गुंडाळ्या करायला लागले. ती मात्र खाली बसून मोडलेले भाग उचलून पाहत राहिली आणि मग म्हणाली, “गुंडाळी एकही मोडलेली नाही, फक्त सांधे सुटलेत.” तिने नव्या गुंडाळ्या केल्याच नाहीत. पुठ्ठ्याचे छोटे तुकडे कापून तिने ते प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंनी चिकटवले, आणि तोच पूल बाविसाव्या पुस्तकापर्यंत टिकला. सांध्यावरच्या या पट्टीला गसेट प्लेट म्हणतात हे तिला कोणी सांगितले नव्हते. १९८१ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटीत एका हॉटेलमधले टांगते पादचारी मार्ग कोसळून ११४ माणसे गेली, तेव्हाही बिघाड सांध्यातच होता. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा मार्ग एकाच अखंड सळईला टांगलेले होते. बांधकामाच्या सोयीसाठी त्या एका सळईच्या दोन केल्या गेल्या, खालचा मार्ग वरच्याला टांगला गेला आणि वरच्या तुळईच्या सांध्यावर दुप्पट भार आला. त्या दिवशी मुलांना निरोप दिल्यावर आमच्यातल्या एका संरचना अभियंत्याने हा इतिहास आम्हा इतर अभियांत्रिकी क्षेत्रांतल्या स्वयंसेवकांना समजावून सांगितला. विद्युत संरक्षण प्रणालीत काम करणाऱ्या मला त्यातून एवढे नक्की कळले, की मंजूर आराखड्यातील किरकोळ वाटणारा बदल पुन्हा मूळ गणितापर्यंत नेऊन तपासला पाहिजे.

आता ज्या उपक्रमाची माहिती फार कमी सभासदांना असते, त्याकडे वळते. प्रमाणके, म्हणजे एखादी वस्तू कशी बनवावी आणि तपासावी याचे तांत्रिक नियम, लिहिणारी मंडळे आपले मसुदे अंतिम करण्यापूर्वी अभिप्रायासाठी प्रसिद्ध करतात, आणि कोणत्याही शाखेला ते वाचून कलमनिहाय सूचना पाठवता येतात. आमच्या शाखेत सात-आठ जणांचा एक गट दर दोन महिन्यांनी यासाठी बसतो. काम संथ असते. एका संध्याकाळी आम्ही पावणेदोन तास एकाच वाक्यावर घालवले, कारण त्यातली तरतूद बंधनकारक आहे की केवळ शिफारस, हे त्या वाक्यातल्या क्रियापदावर ठरणार होते, आणि त्यानुसार लहान कारखान्यांना एक अतिरिक्त चाचणी करावी लागणार की नाही हे ठरणार होते. आम्ही पाठवलेल्या अकरा सूचनांपैकी दोन स्वीकारल्या गेल्या, उरलेल्या नऊ फेटाळताना प्रत्येकीचे कारण देण्यात आले. ती कारणे वाचणे हेसुद्धा शिक्षण होते. अभियांत्रिकी संस्थांच्या स्वयंसेवेतून उभे राहिलेले सर्वांत ठोस काम कोणते, असे मला विचारले तर मी प्रमाणकांचे नाव घेईन. १९०५ च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन येथे बुटांच्या कारखान्यातील बॉयलर फुटून ५८ कामगार मृत्युमुखी पडले. बॉयलर कसा बांधावा आणि कसा तपासावा याचे सर्वमान्य नियम तेव्हा नव्हते. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सने १९११ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि १९१४ मध्ये बॉयलर संहितेची पहिली आवृत्ती तयार झाली. ती संहिता आजही वेळोवेळी सुधारली जाते, आणि ते काम प्रामुख्याने समित्यांवरचे स्वयंसेवी तज्ज्ञच करतात. आमचा आठ जणांचा गट त्या मोठ्या कामाच्या फार लहान टोकाशी बसलेला आहे, पण तो त्याच कामाशी बसलेला आहे. असे असूनही शाखेच्या माहितीपत्रकात या गटाचा उल्लेख एका ओळीत, तोही चुकीच्या शीर्षकाखाली आहे, याचा मला मनापासून खेद होतो.

व्यावसायिक प्रगतीच्या दृष्टीने सभासदत्वाचा उपयोग होतो का, हा प्रश्न तरुण अभियंते हमखास विचारतात. थोडा होतो. काही संस्थांमध्ये वरच्या श्रेणीचे सभासदत्व अनुभवाच्या आधारे मिळते. उदाहरणार्थ, आयईईई या विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत सीनियर मेंबर होण्यासाठी किमान दहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव आणि शिफारस करणारे सभासद लागतात, आणि अशा शिफारशी आपले काम जवळून पाहिलेल्या माणसांकडूनच मिळू शकतात. हजेरीच्या प्रमाणपत्रांसाठी येणाऱ्यांना मात्र यातून फारसे काही मिळणार नाही. नोकरीच्या ओळखी होतात हे खरे आहे, पण त्या चार वर्षे खांद्याला खांदा लावून काम केलेल्यांच्या होतात. पहिल्याच सभेत सर्वांना आपला बायोडेटा वाटणाऱ्या सभासदांना दुसऱ्या सभेत मी क्वचितच पाहिले आहे.

शाखेच्या कारभाराबद्दल माझ्या तक्रारी आहेत आणि त्या मी वार्षिक सर्वसाधारण सभेतही मांडल्या आहेत. हिशेब चोख असतात. खजिनदार दर तिमाहीला जमाखर्च सभासदांना पाठवतात, लेखापरीक्षकांचे शेरे लपवले जात नाहीत, आणि शिल्लक रक्कम कोणत्या उपक्रमासाठी राखून ठेवली आहे हे स्पष्ट लिहिलेले असते. निवडणुका मात्र नावापुरत्या होतात. गेल्या सहा वर्षांत एकाही पदासाठी दोन उमेदवार उभे राहिले नाहीत. तीच पाच-सहा माणसे आळीपाळीने अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार होतात. ही माणसे सत्तेला चिकटलेली आहेत, असे मी अजिबात म्हणणार नाही. त्यांच्यातल्या दोघांनी तर पद सोडण्यासाठी माझ्याकडे विनवणी केली आहे. पण वीस वर्षे तेच लोक सभागृहाची किल्ली सांभाळत असले, की नव्या माणसाला ती मागण्याचा संकोच वाटतो, आणि जुन्या माणसाला ती देण्यापेक्षा स्वतःच कुलूप उघडणे सोपे वाटते. दुसरी फळी तयार होत नाही ती अशाने. कार्यक्रमांच्या वेळेचा प्रश्नही याला जोडूनच आहे. संध्याकाळी साडेसहाची वेळ निवृत्त सभासदांना आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना सोयीची आहे. पाळीत काम करणाऱ्या आणि घरी लहान मूल असलेल्या अभियंत्यांना, विशेषतः स्त्रियांना, ती जवळजवळ अशक्य आहे. शनिवारी सकाळी घेतलेल्या तीन प्रायोगिक कार्यक्रमांत स्त्री सभासदांची उपस्थिती डोळ्यांत भरण्याइतकी जास्त होती. तरीही वेळापत्रक बदललेले नाही.

विषयांच्या बाबतीतही शाखेचा कल विद्युत आणि स्थापत्य या दोन क्षेत्रांकडे झुकलेला आहे, कारण कार्यकारिणीतली माणसे त्याच क्षेत्रांतली आहेत. रसायन, वस्त्रोद्योग किंवा सॉफ्टवेअर क्षेत्रातील अभियंत्याला वर्षभरात आपल्या कामाचे दोन कार्यक्रम मिळाले तरी पुष्कळ. यावर उपाय आहे. बहुतेक मोठ्या संस्थांच्या नियमांत विषयवार गट स्थापन करण्याची सोय असते, आणि त्यासाठी लागणारी संख्या फार मोठी नसते; आयईईईमध्ये एखाद्या तांत्रिक विषयाचा चॅप्टर, म्हणजे असा गट, मागण्यासाठी बारा सभासदांच्या सह्या पुरतात. आमच्या संस्थेतही अशीच तरतूद आहे, हे मला नियमावली स्वतः वाचेपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

ज्यांना एखाद्या शाखेत दाखल व्हायचे आहे त्यांनी वर्गणी भरण्यापूर्वी तिथले एक व्याख्यान पाहुणा म्हणून ऐकावे आणि प्रश्नोत्तरे संपेपर्यंत थांबावे. प्रश्न विचारले जातात का, विचारणाऱ्यांत पस्तिशीच्या आतले कोणी आहे का, आणि सभागृह बंद करायची वेळ झाल्यावरही दोन-तीन घोळके दाराशी बोलत उभे राहतात का, हे पाहावे. सचिवांना भेटून मागच्या वर्षाचा अहवाल मागावा, आणि त्यात नुसती छायाचित्रे आहेत की झालेल्या चर्चेचा सारांशही आहे, हे बघावे. आठवड्यातून दोन तास देता येणार नसतील तर हे सभासदत्व घेऊ नये असे मी म्हणणार नाही, पण त्याबदल्यात एक नियतकालिक आणि काही निमंत्रणे मिळतील, एवढीच अपेक्षा ठेवावी. दोन तास देता येत असतील तर पहिल्याच महिन्यात एखादे लहान, नेमके आणि स्वतःच्या नावावरचे काम मागून घ्यावे. माझ्या सुदैवाने मला ते कोणीतरी विचारले. माझ्यासोबत त्याच वर्षी दाखल झालेल्या एका सहकाऱ्याला कोणी विचारले नाही. त्याने दोन वर्षांनी वर्गणी भरणे बंद केले. तो माझ्यापेक्षा चांगला अभियंता आहे, आणि शाखेने त्याला गमावले याची सल मला आजही आहे.

मागील सर्वसाधारण सभेत मी त्याचे नाव न घेता हे उदाहरण सांगितले आणि अर्जाच्या नमुन्यात बदल सुचवला. या वर्षीच्या अर्जावर शिक्षण, अनुभव आणि कार्यक्षेत्र यांच्या खाली एक नवा रकाना आला आहे. ‘येत्या तीन महिन्यांत आपण शाखेचे कोणते एक काम कराल’ असे त्यात विचारलेले असते, आणि समोर सात कामांची नावे दिलेली असतात. पहिल्या तिमाहीत आलेल्या चौदा अर्जांपैकी नऊ जणांनी तिथे खूण केली आहे. त्यांतल्या चौघांना मी या शनिवारी सभागृहात बोलावले आहे. ध्वनियंत्रणा कशी लावायची, हे त्यांना दाखवायचे आहे.